खेळ संपल्यानंतरचा अर्धा तास

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



नवरात्रातील नवव्या दिवसाला आपण खंडेनवमी म्हणतो. महाराष्ट्रात त्या दिवशी शस्त्रांची व अवजारांची पूजा होते, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पाटीपूजन होऊन मुले घरी परततात. बंगळुरूला हाच दिवस आयुधपूजेचा. त्या दिवशी तेथे रस्त्याने चालणाऱ्याला शहर ओळखू येत नाही. बसगाड्यांच्या तोंडाशी केळीचे खुंट बांधलेले असतात, रिक्षांना झेंडूच्या माळा असतात, कारखान्यांतील लेथ यंत्रे धुऊनपुसून हळदीकुंकू लावून उभी असतात, चौकाचौकांत कोहळे फोडलेले असतात, आणि प्रत्येक चाकाखाली एक लिंबू ठेवलेले असते. पूजा दहा मिनिटांत आटोपते. तिच्या आधीची सफाई मात्र आदल्या दिवसभर चाललेली असते. ज्या यंत्रावर वर्षभर पोट भरते, ते निदान एकदा तरी खोलून, पुसून, त्याची झीज डोळ्यांनी पाहून मगच त्याला फूल वाहायचे, असा तो रिवाज आहे.

आजचा विषय त्या मानाने अगदी लहान यंत्राचा आहे. बंगळुरूत स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबातील चौदा वर्षांच्या मुलाची रेडिओच्या लहरींवर चालणारी, नायट्रो इंधनाची मोटार, आणि तिची निगा. विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यांवर स्मित उमटणे साहजिक आहे. परंतु ज्या घरी ही मोटार आली, तेथे एका उन्हाळ्यात जे घडले ते केवळ खेळण्यापुरते राहिले नाही.

प्रथम ही मोटार म्हणजे काय, ते पाहू. खऱ्या मोटारीच्या एक अष्टमांश मापाची, साडेतीन किलो वजनाची, आणि पोटात साडेतीन घनसेंटिमीटरचे दोन-स्ट्रोकचे इंजिन असलेली. इंजिन मुठीत मावते, पण मिनिटाला तीस हजारांहून अधिक फेरे घेते. आपल्या स्कूटरचे इंजिन याच्या तिसऱ्या हिश्शातच धापा टाकू लागते. इंधन पेट्रोल नव्हे. त्याचा मुख्य घटक मिथेनॉल, त्यात कमीअधिक प्रमाणात नायट्रोमिथेन आणि उरलेले तेल. ठिणगी देणारा प्लग या इंजिनाला नसतो. त्याच्या जागी ‘ग्लो प्लग’ असतो. त्यात प्लॅटिनमयुक्त तारेचे एक बारीक वेटोळे असते. सुरुवातीला दीड व्होल्टच्या घटाने ते तापवावे लागते. एकदा इंजिन सुरू झाले की मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्या संयोगाने ते आपोआप धगधगत राहते, आणि घट काढून घेता येतो.

या इंजिनात तेलाची वेगळी टाकी नाही. जे तेल इंधनात मिसळलेले आहे, तेवढेच पिस्टनला, दांड्याला आणि बेअरिंगांना मिळते. म्हणजे इंधन कमी गेले, तर शक्ती कमी होते एवढेच नव्हे, तेलही कमी पडते. आणि मिथेनॉलच्या बाष्पीभवनाने जो गारवा मिळतो तोही उणावतो. एका चुकीची तिहेरी शिक्षा या यंत्राला होते. ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढील सारी हकीकत उलगडत जाईल.

त्या घरातील आजोबा मूळचे बेळगावचे. हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये, विमानांची इंजिने उघडून तपासून पुन्हा जुळवणाऱ्या विभागात, त्यांची सारी नोकरी गेली. या संस्थेचे आणि मराठी मुलखाचे नाते जुने आहे. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने 1940च्या डिसेंबरात बंगळुरूला विमानांचा हा कारखाना उभा केला. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातून गटिंगनला जाऊन लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी तेथेच एचटी-2 या प्रशिक्षण विमानाचा आराखडा केला, आणि 1951च्या ऑगस्टमध्ये ते आकाशात गेले. या गोष्टी अभिमानाने सांगितल्या जातात, आणि ते योग्यच आहे. मात्र महायुद्धाच्या काळात या कारखान्याने सर्वाधिक काम केले ते नवी विमाने बांधण्याचे नव्हे, तर दुरुस्तीचे. अमेरिकी हवाई दलाची विमाने येथे येत, खोलली जात, स्वच्छ होत आणि परत जात.

त्याहून विलक्षण गोष्ट युद्धानंतरची. कानपूरला ब्रिटिशांनी मागे सोडलेली लिबरेटर जातीची बॉम्बफेकी विमाने पडून होती. ती पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून जाणूनबुजून मोडतोड केलेली. काहींच्या इंजिनांत वाळू ओतली होती, असेही सांगतात. बंगळुरूच्या कारागिरांनी त्या सांगाड्यांतून चाळीसच्या आसपास विमाने उडती केली. 1948च्या अखेरीस भारतीय हवाई दलाने त्यांची तुकडी उभी केली, आणि 1960च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ती सेवेत होती. आजोबा कारखान्यात दाखल झाले तेव्हा ही विमाने इतिहासजमा झाली होती. परंतु ज्यांनी ती वाळू काढली, त्यांच्या हाताखाली शिकलेले लोक अजून होते. इंजिनाचा शत्रू कोण, असे विचारले तर आजोबा अजूनही एकच शब्द उच्चारतात : धूळ.

मोटार घरी आली ती नातवाच्या वाढदिवसाला. पहिले काही महिने आजोबांनी तिच्याकडे विशेष लक्ष दिले नाही. रविवारी सकाळी बाप-लेक शहराबाहेर एखाद्या मोकळ्या मैदानावर जात, तास-दोन तास मोटार पळवत, आणि तेलाने माखलेली, लाल मातीने लडबडलेली ती वस्तू तशीच पिशवीत घालून घरी आणून ठेवत. पुढच्या रविवारी ती कधी सुरू होई, कधी होत नसे. सुरू न झाल्यास ग्लो प्लग बदलला जाई. प्लगचा दोष नसतानाही. सध्याच्या पिढीला पुर्जा बदलणे हीच दुरुस्ती वाटते, आणि तो दोष केवळ मुलांचा नाही.

मे महिन्याच्या सुटीत हे कुटुंब रत्नागिरीला आजोळी गेले आणि मोटारही सोबत गेली. समुद्रकिनाऱ्याची ओली, कठीण वाळू म्हणजे मुलाच्या दृष्टीने साक्षात शर्यतीचे मैदान. पहिल्या दिवशी मोटार अशी पळाली की बंगळुरूला कधी पळाली नव्हती. आवाज चढा, धूर जवळजवळ नाहीच. मुलगा हरखून गेला. तिसऱ्या टाकीच्या मध्यावर इंजिन एकाएकी थांबले, आणि दोरी ओढली तर ती जागची हलेना.

कारण तसे साधे होते. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर आहे. तेथील हवा किनाऱ्यावरील हवेपेक्षा सुमारे एक दशांशाने विरळ. कार्बोरेटरची सुई तेथे जमवलेली, म्हणजे त्या विरळ हवेला पुरेल एवढेच इंधन सोडणारी. तीच सुई तशीच ठेवून मोटार किनाऱ्यावर आणली, की प्रत्येक श्वासाला हवा अधिक येते, इंधन मात्र तेवढेच. मिश्रण कोरडे होते, इंजिन तापते, आणि तापण्यापूर्वी थोडा वेळ अतिशय सुरेख पळते. तो चढा आवाज, तो नाहीसा झालेला धूर, हीच धोक्याची सूचना होती. निळसर धुराची बारीक रेघ मागे राहिली पाहिजे; ती दिसत असेल तर तेल पोचते आहे. किनाऱ्यावर पोचताच सुई थोडी उघडली असती, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने एक-दोन तासांच्या अंतराइतकी फिरवली असती, आणि मग धूर पाहून बेताबेताने बंद करीत आणली असती, तर एवढ्यावर पाळी आली नसती. इंजिनाच्या माथ्याचे तापमान शंभर ते सव्वाशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. ते मोजायला दुरून तापमान दाखवणारी बंदूक मिळते. मात्र साथीच्या काळात आपल्या कपाळावर रोखली जात असे ती नव्हे. ती ज्वर मोजण्यापुरतीच असते, कारखान्यातील वेगळी.

त्याच संध्याकाळी दुसरी गोष्ट घडली. हिरमुसलेल्या मुलाने टाकीतील आणि डब्यातील उरलेले इंधन एका रिकाम्या शीतपेयाच्या बाटलीत ओतले आणि ती बाटली पडवीच्या कठड्यावर ठेवली. या इंधनात बहुधा रंग घातलेला असतो. हे गुलाबी होते. कोकणातील घर, मे महिना, कठड्यावर गुलाबी द्रवाची बाटली. शेजारची पाच वर्षांची पाहुणी मुलगी कोकम सरबत समजून टाचा उंचावून ती काढत असताना आजोबांची नजर गेली. त्यांनी बाटली काढून घेतली, झाकण उघडून वास घेतला, आणि बराच वेळ कोणाशी बोलले नाहीत.

मिथेनॉल हे विष आहे. शरीरात गेल्यावर यकृत त्याचे प्रथम फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करते. ते आम्ल प्रथम डोळ्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालते आणि मग प्राणांवर. लहान मुलाला एखाद-दोन घोटही घातक ठरू शकतात. प्यालेल्याला लगेच काही जाणवत नाही, कित्येक तासांनी जाणवते, म्हणून ते अधिक भयंकर. आजोबांना हे पुस्तकातून कळलेले नव्हते. 1981च्या जुलैमध्ये बंगळुरूत विषारी दारूने तीनशेहून अधिक माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉलच होते. ते दिवस त्यांनी त्या शहरात काढलेले होते. मुंबईतील मालवणीची 2015 सालची दुर्घटना तर येथे बसलेल्या अनेकांना आठवत असेल. तेथेही शंभरावर माणसे गेली, त्याच द्रवामुळे.

म्हणून सर्व पालकांसाठी एवढे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. हे इंधन ज्या डब्यातून येते, त्याच डब्यात, झाकण घट्ट लावून, कुलपात ठेवावे. खाण्यापिण्याच्या भांड्यात ते क्षणभरही ओतू नये. ते कातडीतूनही शरीरात शिरते, म्हणून हातमोजे घालावेत, आणि बंद खोलीत ते हाताळू नये. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. मोटार पेटली आहे हे धग लागल्यावरच कळते. चुकून कोणी ते प्याले, तर घरगुती उपाय करीत न बसता, त्रास दिसण्याची वाट न पाहता, डबा सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. ज्या घरी हे पाळणे शक्य नाही, त्या घरी विजेवर चालणारी मोटार आणावी. ती आजकाल वेगातही कमी नाही, आणि शेजाऱ्यांची झोपही मोडत नाही.

बंगळुरूला परतल्यावर आजोबांनी मोटार आपल्या ताब्यात घेतली. नातवाला वाटले, आता ती माळ्यावर जाणार. पण आजोबांनी जुन्या इडलीपात्राची, भोके नसलेली एक ताटली मागवून घेतली, जमिनीवर पांढरे धोतर अंथरले आणि त्याला म्हणाले, “बस समोर. जो स्क्रू निघेल तो या खळग्यात, निघाल्याच्या क्रमाने. बंद करताना एक जरी उरला, तरी पुन्हा सगळं उघडायचं.” विमानाच्या इंजिनावर काम करणाऱ्या माणसाची ही सवय आहे. तेथे हत्यारे मोजून घ्यावी लागतात आणि मोजून परत ठेवावी लागतात. एक पाना हरवला तर विमान जमिनीवरून हलत नाही.

प्रथम बाहेरची घाण. तेलावर बसलेली माती पाण्याने निघत नाही, आणि पाणी बेअरिंगांत व रेडिओच्या पेटीत शिरते. जुना दात घासण्याचा ब्रश आणि थोडे स्पिरिट, तेही इंजिन पूर्ण थंड असताना. मग हवेचा झोत, पण बेअरिंगांवर थेट नव्हे, नाहीतर बाहेरची वाळू आत ढकलली जाते. हवेची गाळणी आणि कार्बोरेटरचे तोंड साफ करण्यापूर्वीच कापडाने झाकायचे. ही मोटार चार महिन्यांत पहिल्यांदाच नीट धुतली जात होती. मातीखालून एक तडा गेलेली इंधनाची नळी निघाली, सैल झालेले इंजिनाचे दोन स्क्रू निघाले, आणि दात झिजलेले एक गिअर. स्वच्छता म्हणजे तपासणीच होय. घाण पुसल्याखेरीज तडा दिसत नाही. नळीचा तडा हा तर मोठाच दोष, कारण त्यातून हवा शिरली की मिश्रण पुन्हा कोरडे. रत्नागिरीला इंजिन जाण्यात त्या तड्याचाही वाटा असावा.

मग हवेची गाळणी. स्पंजाचे दोन थर, आणि दोन्ही कोरडे ठणठणीत. स्पंजाला विशिष्ट तेल लावून पिळून घ्यावे लागते. धूळ अडते ती त्या चिकट तेलाने, स्पंजाच्या छिद्रांनी नव्हे. या मुलाने गाळणीला एकदाही तेल लावलेले नव्हते, कारण बाहेरून ती स्वच्छ दिसत होती. आजोबांनी स्पंज काढून कार्बोरेटरच्या मुखात करंगळी फिरवली आणि ती नातवापुढे धरली. बोटावर रत्नागिरीची वाळू होती, आणि तिच्याखाली बंगळुरूची लाल माती.

इंजिनाच्या आत जे दिसले, त्याने निर्णय झाला. या इंजिनांच्या पिस्टनला रिंगा नसतात. लाइनर पितळेचा, आतून क्रोम चढवलेला, आणि वरच्या टोकाशी किंचित निमुळता. थंड असताना पिस्टन माथ्याशी घट्ट आवळला जातो. तापल्यावर लाइनर फुलतो आणि दोघांमधले अंतर नेमके जमते. केसापेक्षाही बारीक असे हे अंतर. त्या लाइनरवर उभ्या रेघा पडल्या होत्या. वाळूचा कण खाली-वर जाताना जेथून गेला, तेथे क्रोम निघाला होता. नातवाने विचारले, “घासून गुळगुळीत नाही का करता येणार?” आजोबांनी मान हलवली. झालेली झीज सफाईने भरून निघत नाही. पिस्टन, लाइनर आणि दांडा नवे घ्यावे लागणार होते, आणि त्यांची किंमत अर्ध्या इंजिनाएवढी होती.

बेअरिंगे मात्र वाचली, तीही थोडक्यात. मिथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, आणि नायट्रोमिथेनच्या ज्वलनातून उरणारा अंश आम्लधर्मी असतो. इंजिन जळलेल्या इंधनासह तसेच ठेवले, की क्रँकच्या मागच्या बेअरिंगवर प्रथम गंज चढतो. त्यात समुद्राची खारी हवा. आजोबांनी ती बेअरिंगे धुतली, सुकवली, बोटावर फिरवून कानाशी नेली. खरखर नव्हती. दोन थेंब तेल दिले आणि ठेवून दिली.

नवे भाग आले ते महिन्याभराने. मधल्या काळात मुलाने बाकीची मोटार स्वतः खोलली आणि जुळवली. क्लचचे बूट पुसले, शॉकमधले सिलिकॉन तेल बदलले, धातूत बसणाऱ्या स्क्रूंना सैल न होण्याचा निळा द्रव लावला, दोन गिअरांच्या दातांमध्ये वहीचा कागद घालून अंतर जमवले. रेडिओचा रिसीव्हर फुग्यात घालून त्याचे तोंड बांधले. फुग्याची ही युक्ती जुन्या शौकिनांची, आणि ओलावा व तेल अडवायला अजून पुरेशी. बॅटरी संपली किंवा लहरी तुटल्या तर मोटारीने आपोआप ब्रेक लावला पाहिजे. ती सोय आहे की नाही हे चाके हवेत धरून तपासले. साडेतीन किलोचा धोंडा ताशी साठ किलोमीटरने कोणाच्या पायावर आदळला तर काय होते, याचा विचार ही सोय न तपासणारे करीत नाहीत. हत्याराचा क्रमही त्याने पाठ केला : आधी हातातला ट्रान्समीटर चालू, मग मोटार; बंद करताना आधी मोटार, मग ट्रान्समीटर.

नव्या पिस्टनाची पहिली सहा टाक्या इंधन जाईपर्यंत मोटार मंद, ओल्या मिश्रणावर, भरपूर धूर सोडत चालवली. मुलाला त्याचा कंटाळा येणे स्वाभाविक होते. आजोबा मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसून होते.

आणि प्रत्येक वेळी खेळ संपल्यावर अर्धा तास. टाकी रिकामी करायची, मग इंजिन पुन्हा सुरू करून नळ्यांत उरलेले इंधन जाळून टाकायचे. थंड झाल्यावर प्लग काढायचा, प्लगच्या भोकात आणि कार्बोरेटरमध्ये तेलाचे चार थेंब सोडायचे, दोरी हलकेच दहा वेळा ओढायची. प्लगचे वेटोळे चकचकीत आहे की काळवंडले, वाकले आहे, ते पाहायचे. शेवटी चक्र हाताने फिरवून पिस्टन तळाशी आणायचा. माथ्याशी आवळलेल्या अवस्थेत तो थंड होऊ दिला, तर लाइनरची तेवढी जागा ताणली जाते. तळाची जागा कळावी म्हणून आजोबांनी चक्रावर नखरंगाचा एक ठिपका दिला आहे. त्यासाठी आजीच्या कपाटातील बाटली न विचारता घेतली गेली, हा वाद अजून मिटलेला नाही. स्पंज रॉकेलने, मग साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून, तेल लावून परत. इंधनाचा डबा गॅलरीतील लोखंडी पेटीत, आणि पेटीची किल्ली आजोबांच्या जानव्याला. मुलगा ती मागतो, वापरून झाल्यावर परत देतो, आणि डब्यात किती उरले ते पेटीच्या झाकणावर चिकटवलेल्या कागदावर लिहितो.

रत्नागिरीच्या त्या शेजारच्या मुलीच्या आईला सुटीतच सर्व सांगितले होते. सांगायचे की नाही यावर घरात दोन मते होती. काही झालेच नाही तर उगाच घाबरवायचे कशाला, असे एकाचे म्हणणे. आजोबांनी नातवालाच शेजारी पाठवले. तो गेला, त्याने बाटलीत काय होते आणि ती कोणी ठेवली हे सांगितले, आणि मान खाली घालून परत आला. त्या बाईंनी काय उत्तर दिले, हे त्याने घरी कोणाला सांगितलेले नाही.

त्या वर्षीच्या आयुधपूजेला घरातील पाट मांडला गेला. आजोबांचे कारखान्यातील पाने, आजीची विळी आणि शिवणयंत्र, मुलाच्या वडिलांचा लॅपटॉप, आणि शेवटी ती मोटार, धुऊनपुसून, टाकी रिकामी, पिस्टन तळाशी. बंगळुरूच्या रीतीप्रमाणे चाकाखाली लिंबू ठेवायचे ठरले, पण मोटारीचे चाक ते केवढे; बाजारातले लिंबू त्याच्या जवळजवळ निम्म्या उंचीचे निघाले. चार लिंबांवर चढवलेली मोटार पाटावर डुगडुगू लागली. आजीने मग परसातल्या झाडाची, सुपारीएवढी, अजून हिरवी असलेली चार लिंबे तोडून आणली.